ट्रेलरचा मागचा दिवा

तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर रात्री उशिरा गाडी चालवणारा माणूस समोरच्या अंधाराला मोकळा रस्ता समजत नाही. त्या अंधारात न्हावाशेवा बंदराकडे निघालेला कंटेनर असू शकतो, नव्याकोऱ्या मोटारी लादलेला कार कॅरिअर असू शकतो किंवा पत्र्याची गुंडाळी घेऊन चाललेला लांबलचक ट्रेलर असू शकतो. त्याचा मागचा लाल दिवा मात्र असेलच याची खात्री नसते. गंमत अशी की वाहनाचे दिवे बनवणारे लुमॅक्स आणि व्हॅरॉक यांचे कारखाने याच पट्ट्यात आहेत. वायरिंगचे हार्नेस बांधणारे तर गल्लोगल्ली सापडतील. दिवा नियमात बसतो की नाही हे तपासणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. म्हणजे दिवा, तार आणि परीक्षक तिन्ही हाताशी असूनही ट्रेलरची पाठ काळोखातच राहते. का राहते आणि बिघाड शोधायचा कसा, याचा हा आढावा. सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो: बिघाड क्वचितच दिव्यात असतो. तो जोडात असतो, आणि जोडाला मालक नसतो.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम सांगतो की मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत आणि नंबरप्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. १५५ मीटर हा आकडा कागदावर कोरडा वाटतो. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीला तेवढे अंतर कापायला सात सेकंद लागतात आणि सात सेकंदांत माणूस आरामात वेग कमी करतो. दिवा नसेल, तर डिपरच्या उजेडात समोरचा धूळभरला फाळका चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावर कळतो, म्हणजे हाताशी दोनच सेकंद. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरला, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ८० च्या वेगातून थांबायलाच सत्तरेक मीटर लागतात. हिशेब तिथेच संपतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा सर्वांत मोठा गट होता, पाचांत एकाहून थोडा जास्त. त्यातला प्रत्येक अपघात दिव्याअभावी झाला असे अर्थातच नाही. पण उभ्या ट्रेलरखाली घुसलेली मोटार ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला आकडेवारीची फारशी गरज उरत नाही.

आता रचना. पुढे ओढणारा भाग, ज्याला सगळे घोडा म्हणतात, त्याच्यात २४ व्होल्टची वीज असते: बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. घोड्याच्या केबिनमागे सात पिनांचे सॉकेट असते. तिथून गुंडाळीची कॉइल केबल ट्रेलरच्या नाकावरच्या सॉकेटात जाते, पुढे जंक्शन बॉक्स, मग चेसिसच्या कडेने दहा-बारा मीटर तार आणि शेवटी दिवा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिली पिन अर्थची आणि तिची तार पांढरी. दुसरी काळी, डाव्या साइड लाइटची. तिसरी पिवळी, डावा इंडिकेटर. चौथी लाल, ब्रेक लाइट. पाचवी हिरवी, उजवा इंडिकेटर. सहावी तपकिरी, उजवी साइड लाइट. सातवी निळी, इतर कामाला. हे पाठ असले तर निम्मे काम झाले असे वाटते, पण प्रत्यक्षात दोन-तीन दुरुस्त्या झालेल्या ट्रेलरवर हे रंग उरतच नाहीत. ज्या दिवशी दुकानात जी तार मिळाली ती लागलेली असते. लाल तार सापडली म्हणून ब्रेक लाइट सापडला असे समजणारा वायरिंगवाला दुपारभर फिरत राहतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे पहिली पिन, अर्थ. वीज दिव्यापर्यंत गेली पाहिजे हे सर्वांना कळते. ती बॅटरीकडे परतलीही पाहिजे, हे विसरले जाते. बहुतेक ठिकाणी दिव्याची परतीची तार जवळच्या लोखंडी पट्टीला एका बोल्टने कसलेली असते आणि सगळी चेसिसच परतीची वाट म्हणून वापरली जाते. बोल्टखाली रंग, रंगाखाली गंज, त्यावर चिखल. मग ट्रेलरची चेसिस घोड्याच्या चेसिसला कशाने जोडलेली? कॉइल केबलमधली पांढरी तार तुटली असेल, तर फक्त किंगपिन या जोडखुंटीने आणि तिच्याखालच्या गोल तव्याने, आणि तो तवा तर मुद्दाम ग्रीसने माखलेला असतो. ग्रीसमधून वीज जात नाही. लोखंड लोखंडाला टेकले की दिवा लागतो, खड्ड्यात उचलले गेले की विझतो. ड्रायव्हरची तक्रार मग अशी येते: ‘उभा असला की लागतात, चालला की जातात.’ किंवा ‘वळणावर जातात.’ अशी तक्रार आली की बल्ब काढून बघण्यात वेळ घालवू नये, थेट अर्थकडे जावे.

अर्थ गेल्याची आणखी एक खूण आहे आणि ती पाहायला मजेशीर असते. ब्रेक दाबला की साइड लाइट मंदशी उजळते. डावा इंडिकेटर दिला की उजवाही लुकलुकतो. सगळे एकदम लावले की सगळेच विझतात. भुताटकी वाटावी असा हा प्रकार साध्या कारणाने होतो. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला जमिनीची वाट बंद दिसते, मग ती शेजारच्या फिलामेंटमध्ये शिरते, साइड लाइटच्या तारेने उलटी घोड्याकडे जाते आणि तिथल्या बल्बमधून आपली वाट काढते. वाटेत जेवढे बल्ब, तेवढे सगळे अर्धपोटी. एक दिवा लावला की दुसराच पेटतो, असे दिसले की नव्वद टक्के निदान झालेच समजा.

याची खात्री करायला दहा-पंधरा मीटर जाड तार आणि दोन चिमटे पुरतात. एक चिमटा घोड्याच्या चेसिसला उघड्या, घासलेल्या लोखंडावर, दुसरा मागच्या दिव्याच्या अर्थच्या टोकाला. दिवे एकदम टवटवीत झाले तर प्रश्न सुटला. आता चेसिसच्या भरवशावर न राहता प्रत्येक दिव्याची परतीची तार थेट जंक्शन बॉक्सपर्यंत आणायची. खर्च तारेचा आणि तासाभराच्या मजुरीचा. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत हे काम चांगले करणारे लोक आहेत, पण गिऱ्हाईक बहुधा म्हणते, ‘आत्ता चालू करून द्या, माल पोचवायचाय.’ मग पुन्हा तोच बोल्ट, थोडे घासून.

अर्थ ठीक निघाला, तर शोध पुढून मागे करावा आणि प्रत्येक वेळी एक टप्पा बाद करत जावा. कॉइल केबल काढून घोड्याच्या सॉकेटात चौथ्या आणि पहिल्या पिनांमध्ये २१ वॅटचा बल्ब धरायचा, कुणालातरी ब्रेक दाबायला लावायचा. बल्ब लख्ख पेटला तर घोडा निर्दोष. मग केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला तीच परीक्षा. ती केबल दिवसभर ताणली जाते, आकसते, केबिनमागच्या पायफळीवर घासते, आणि आतली तांब्याची तार प्लगच्या मानेपाशी तुटते. बाहेरून आवरण धडधाकट दिसते. केबल हलवत बल्ब पाहिला की कळते. तिथेही ठीक असेल तर जंक्शन बॉक्स, मग दिवा. एकट्या ड्रायव्हरने करायचे असेल तर ब्रेकच्या पेडलवर लाकडी ठोकळा अडकवावा, किंवा ट्रेलर गोदामाच्या भिंतीला पाठ करून लावावा आणि लाल उजेड आरशात पाहावा.

वर मी मल्टिमीटर न म्हणता बल्ब म्हटले, ते जाणूनबुजून. मल्टिमीटर इतकी नगण्य वीज ओढतो की गंजलेल्या, एका केसाएवढ्या धाग्यावर टिकलेल्या जोडातूनही तो ऐटीत २४ व्होल्ट दाखवतो. आकडा पाहून माणूस म्हणतो, करंट तर येतोय, म्हणजे दिवाच गेला. नवा दिवा आणला तरी तोही पेटत नाही. जोडावर खरे ओझे टाकल्याशिवाय त्याची लायकी कळत नाही. हिशेब करून पाहा: २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब मिळून २४ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढतात. दीड चौरस मिलिमीटरच्या पंधरा मीटर तांब्याच्या तारेत, जाऊन-येऊन, जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट हरवतो. तार लांब आहे म्हणून दिवा मंद, हे कारण टिकत नाही. पण वाटेत दहा ओहमचा एक गंजका जोड असेल, तर बल्बांना २४ ऐवजी फार तर चौदा व्होल्ट मिळतात आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घसरत असल्यामुळे मूळ प्रकाशाचा फार तर सहावा-सातवा हिस्सा उरतो. मीटर वापरायचाच असेल तर दिवा चालू ठेवून वापरावा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे दिव्याच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर परतीच्या वाटेत कुठेतरी जोड सडला आहे.

फ्यूज उडण्याची गोष्ट वेगळी. तिथे वीज वाट सोडून चेसिसला चिकटलेली असते, बहुधा जिथे तार एखाद्या धारदार भोकातून रबरी बूच न लावता ओढली आहे तिथे. एकामागून एक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. मग ट्रेलरच्या कडेने तार हलवत चालत जायचे आणि ज्या ठिकाणी हात लावल्यावर बल्ब मंदावतो ती जागा सोडायची नाही. याउलट फ्यूजच्या खाचेत तांब्याचा दोरा पिळून बसवण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की त्यानंतर वितळते ती तार, आणि ती केबिनच्या आतल्या बाजूलाही असते.

जोड सडवते ते पाणी, आणि पाण्याचा विषय निघाला की बोटीच्या ट्रेलरची आठवण होते. बोट उतरवताना तो ट्रेलर चाकांसकट, दिव्यांसकट पाण्यात मागे ढकलतात. तापलेला बल्ब गार पाण्यात बुडाला की काच तडकते, म्हणून जाणकार धक्क्यावर येताच आधी प्लग काढतात आणि बल्ब निवू देतात. आपल्याकडे असा ट्रेलर विरळा.  पण आपला जमिनीवरचा ट्रेलरही जून ते सप्टेंबर निम्मा पाण्यातच असतो. चाकांनी उडवलेला लाल चिखल, त्यात नंतर सर्व्हिस सेंटरवरचा जोरदार फवारा थेट दिव्यावर. पाणी होल्डरमध्ये शिरते, पितळ हिरवे पडते, आणि तांब्याच्या बारीक धाग्यांमधून पाणी आवरणाखाली फूटभर वर चढते. अशी तार सोलली की आत काळी निघते, आणि काळ्या तारेवर मारलेला नवा जोड महिनाही टिकत नाही. तांबडे, चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापत जावे. आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे: टोकदार टेस्टर तारेच्या आवरणातून खुपसून करंट पाहणे. ते सुईएवढे भोक पुढच्या पावसाळ्याचे दार असते. नुसती पिळून टेप मारलेली वेणी तर पहिल्या उन्हातच सुटते. क्रिंप करून आत डिंक असलेली आकसणारी नळी चढवली की जोड तारेइतकाच जगतो.

एलईडी आल्यावर हा सगळा उपद्व्याप संपेल अशी आशा होती, आणि थोडी खरीही ठरली. फिलामेंट नाही, धक्क्याने तुटत नाही, वीज जेमतेम दशांश. पण कमी वीज हाच त्याचा कावा. मघाचा दहा ओहमचा सडका जोड एलईडीला जाणवतही नाही, दिवा ठणठणीत पेटतो. जोड आतून सडत राहतो आणि एके दिवशी मंद न होता, पूर्वसूचना न देता, सगळे एकदम जाते. दुसरा त्रास घोड्याच्या बाजूने. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत अनेक ठिकाणी दिव्यांवर संगणकाची नजर असते. इतकी कमी वीज पाहून तो समजतो की बल्ब गेला, आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकू लागतो. काही गाड्यांत शॉर्ट झाला की फ्यूज न उडता तो संगणकच ती वाट बंद करतो आणि किल्ली बंद-चालू केल्याशिवाय उघडत नाही. जुन्या कारागिराला हे चकवणारे आहे: फ्यूज शाबूत, तार शाबूत, तरी वीज नाही. अशा गाडीवर फ्यूजच्या जागी बल्ब घालण्याचा खेळ करू नये. त्याऐवजी ट्रेलरसाठी वेगळे रिले बसवावेत आणि संगणकाच्या तारेला हात लावू नये. जुना-नवा ट्रेलर, बल्ब-एलईडी, १२-२४ अशी सरमिसळ चालू असेपर्यंत हे त्रास राहणारच.

१२ व्होल्टचे राज्य दुसरीकडे आहे: पिकअप आणि ट्रॅक्टर. पुणे-नाशिक रस्त्यावर आणि कासारसाईकडे उसाचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या निघतात आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे बहुधा काहीच नसते. तिथे वीज पोचवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ती टिकवणे. ट्रॉली शेतात उलटी-सुलटी वळते, वाढे तारेला ओढतात, ट्रॉली दर खेपेला बदलते, आणि ऊस मागे इतका लोंबतो की दिवा असला तरी झाकला जातो. इथे मला परावर्तक पट्टीचे महत्त्व दिव्याहून जास्त वाटते. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल अशी ती लावायची, आणि तिला ना अर्थ लागतो ना फ्यूज. मागच्या गाडीचाच उजेड ती परत पाठवते. अट एकच, ती पुसलेली हवी. चिखलाने माखलेली पट्टी आणि नसलेली पट्टी यांत फरक नाही. दोरीने बांधता-सोडता येणारी पट्टीची फळी उसाच्या शेंड्यांपाशी टांगावी, म्हणजे लोंबणाऱ्या मालामागेही खूण दिसते. स्वस्तातला उपाय आहे आणि अंधारात फ्लेक्सच्या घोषणांहून जास्त कामाचा.

हे सगळे तंत्र ठाऊक असूनही दिवे का लागत नाहीत, तर मघाशी म्हटले तसे, जोडाला मालक नाही. घोडा एका कंपनीने बांधला, ट्रेलर दुसऱ्या कारखान्यात. घोड्याचा मालक एक, ट्रेलर कधी त्याचाच, कधी दुसऱ्या ट्रान्सपोर्टरचा. सकाळी जोडलेली जोडी संध्याकाळी मोडते. ड्रायव्हरला केबिनमध्ये बसून मागचा दिवा दिसत नाही, आणि बहुतेक गाड्यांत मागे वायरिंग तुटले हे सांगणारी काही सोयही नाही. कॉइल केबल कोणाची, हा वाद मी ऐकलेला आहे. ती फाटली की दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. तपासणीचे म्हणाल तर आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी वाहनाला दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस दाखला घ्यावा लागतो. त्या दिवशी दिवे लागतात. उरलेल्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर बिल, वजन, ताडपत्री तपासली जाते, पण सात पिना चालू आहेत का हे पाहायला दोन मिनिटे कोणी देत नाही. माल ज्याचा आहे त्याच्या गेटवर ही तपासणी झाली तर सर्वांत लवकर सुधारणा होईल असे मला वाटते, कारण गाडी अडवून ठेवण्याची ताकद तिथेच आहे.

बॅटरी उतरेल या भीतीने रस्त्याकडेला उभी गाडी अंधारात ठेवण्याची सवयही याच पट्ट्यातली. पंधरा-वीस छोटे बल्ब धरले तरी शंभरेक वॅट, म्हणजे २४ व्होल्टला चार अँपिअर. शंभर अँपिअर-तासाहून मोठी चांगली बॅटरी तेवढे ओझे रात्रभर पेलते आणि सकाळी स्टार्टरही फिरवते. एलईडी असतील तर प्रश्नच नाही. ज्याची बॅटरी दोन तासांत बसते, त्याने दिवे न विझवता बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासावा.

शेवटी ब्रेकची गोष्ट, कारण तिच्यामुळे हा विषय नुसत्या दिव्याचा राहिलेला नाही. २०१५ पासून अवजड वाहनांना एबीएस टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. ट्रेलरवरच्या एबीएसला वीज देण्यासाठी वेगळी, जाड पिनांची केबल असते. ती तुटली किंवा लावायची राहिली, तर काही रचनांत ब्रेक लाइटच्या चौथ्या पिनेतूनच त्या यंत्राला वीज घेता येते; ब्रेक दाबला की दिवाही लागतो आणि यंत्रही जागे होते. म्हणजे तीच लाल तार, तोच हिरवा पडलेला प्लग, तोच पांढऱ्या तारेचा तुटका अर्थ. एलईडी बसवलेल्या ट्रेलरवर अशा सडक्या जोडातून दिवा लागेल, पण कित्येक अँपिअर मागणारा एबीएसचा व्हॉल्व्ह उघडणार नाही. चाके ओल्या रस्त्यावर जाम होतील, ट्रेलर आडवा होईल, आणि पंचनाम्यात नोंद होईल की मागचे दिवे चालू होते.